माजघरातील धर्मांतर

गेल्या वर्षी देवरीतील आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती घरची आजी वारली. वय नव्वदीच्या घरातले. नवऱ्याच्या मास्तरकीपायी ती नगरकडून इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. तिच्या स्मरणार्थ प्रार्थनेला माणसे जमावयाची होती, त्या वेळी चार शब्द वाचून दाखवावेत म्हणून तिचा नातू कागद घेऊन आमच्याकडे आला. कागदावर तीन ओळी होत्या : बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. तिन्ही तारखा नोंदवहीतून उतरून घेतलेल्या. "आणि मधल्या वर्षांचे काय?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "आजीनं कधी सांगितलं नाही जी, अन् आम्ही कधी विचारलं नाही."

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मिशने, शाळा, दवाखाने, वादविवाद यांची नोंद चोख ठेवली आहे. पण ह्या इतिहासातल्या बायका, म्हणजे आज ज्यांची नातवंडे-पतवंडे हयात आहेत त्या आज्या, त्यांत बहुधा कोणाच्या तरी पत्नी म्हणून येतात. नवऱ्याने धर्म बदलला, मग तिनेही बदलला, असे एक वाक्य लिहिले की काम भागते. ह्या दोन घटनांच्या मध्ये जो स्वल्पविराम पडतो, त्याच्या पोटात काय काय दडलेले असते हे पाहावयाचे असेल, तर मराठीत त्याला एकच पुरेसा साक्षीदार आहे. तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंची गोष्ट देवरीला परकी नाही. आपल्या गावातून जाणारा मोठा रस्ता पूर्वेला बाघ नदी ओलांडून राजनांदगावास पोहोचतो. आज ते छत्तीसगडात आहे. त्या काळी ते बैरागी राजांचे एक लहानसे संस्थान होते. १८९३ साली रेव्हरंड नव्हे, तर नुसते कवी व संस्कृतज्ञ असलेले नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास नोकरीसाठी निघाले. प्रवास आगगाडीचा. ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाणारी. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर आले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवून, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. ते अक्षरशः खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना झपाटले, पुढे पत्रव्यवहार झाला, वाचन झाले, मनाशी वाद झाला. बाबा पदमनजींचे आत्मकथन पाहा किंवा पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा, ग्रंथ आणि विचार ह्यांच्या वाटेने झालेले धर्मांतर आपल्या परिचयाचे आहे. रमाबाई स्त्री खऱ्या, पण त्या पंडिता होत्या. वेदांतापासून बायबलापर्यंतचा प्रवास त्यांनी पोथ्यांतून केला.

लक्ष्मीबाईंपाशी पोथी नव्हती. त्यांच्यापाशी घागर होती.

१८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड, की त्यापायी सारे घर वेठीला धरलेले असे. लक्ष्मीबाईंनी त्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना हसू आवरत नाही, आणि मग आपण एका लहान मुलीच्या हालांवर हसत आहो हे ध्यानात येऊन मन चरकते. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे तोंड कधी पाहिले नव्हते. जे अक्षरज्ञान झाले ते नवऱ्याच्या हाताखाली. अशा बाईला एके दिवशी कळते, की आपला नवरा ख्रिस्ती झाला. हिंदू समाजाच्या लेखी ती सधवा असून विधवा झाली. पदरी चार वर्षांचा दत्तू. पुढची जवळजवळ पाच वर्षे तिने बहिणीच्या व आप्तांच्या आश्रयाने, नाशिक आणि पंढरपूर अशी काढली. एखादा इतिहासकार ही पाच वर्षे "काही काळ विभक्त राहिल्यावर" ह्या चार शब्दांत ओलांडून पुढे जाईल. आमच्या मते इतिहास नेमका त्या चार शब्दांत आहे.

कारण पुढे ती नवऱ्याकडे नगरास गेली, तेव्हाही ख्रिस्ती होण्यासाठी गेली नाही. नवरा हवा, पण त्याचा धर्म नको, अशी तिची भूमिका होती. तिने आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. नवरा-बायकोचे प्रेम अखंड आणि मध्ये विटाळाची रेघ! टिळक तापट, आततायी, घरातील वस्तू वाटेल त्याला देऊन टाकणारे. पण ह्या एका बाबतीत मात्र त्यांनी तिच्यावर सक्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मग दुष्काळ आला. १८९९-१९०० चा तो दुष्काळ महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत भुकेली, पोरकी पोरे अंगणात येऊन उभी राहत. त्यांची जात विचारीत बसण्याइतका वेळ भुकेला नसतो. एका रात्री लक्ष्मीबाई विचार करीत बसल्या : ह्या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांप्रमाणे त्यांची शरीरे निराळी दिसली असती. तशी ती दिसत नाहीत, तेव्हा हे काम माणसाचेच. कोणी पाद्री समजावयास आला नव्हता, कोणत्या ग्रंथाचा आधार नव्हता. सकाळी उठून त्यांनी नवऱ्याला सांगितले, की आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. टिळकांच्या बाबतीत ख्रिस्त आधी आला आणि जात मागाहून गेली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जात आधी गेली आणि तिने रिकाम्या केलेल्या जागेत ख्रिस्त येऊन बसला. म्हणून पुढे त्यांची श्रद्धा नेहमी भांड्याकुंड्यांत, आजाऱ्यांच्या उशापायथ्याशी, दुसऱ्यांच्या मुलांच्या वेणीफणीत दिसते. दुष्काळातली आणि प्लेगातली किती तरी मुले त्यांच्या घरी वाढली. प्रवचनात त्या थोड्या दिसतात, आणि जिथे दिसतात तिथेही स्वतःची थट्टा करीतच. नव्या धर्मात आलेल्या माणसाला जुन्याची निंदा करण्याचा मोह फार होतो. त्यांना तो झालेला दिसत नाही. सोवळ्या वडिलांवर त्या हसतात, तितक्याच मोकळेपणाने स्वतःच्या ख्रिस्ती नवऱ्यावर हसतात.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, ते कशामुळे? मुलाने विचारले म्हणून. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, आठवणी गोळा करीत होता. त्याने आईला लिहावयास बसविले. बापाच्या चरित्राची साधने जमविता जमविता आईचे आत्मचरित्र हाती लागले! 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या, आणि चौथा भाग देवदत्तांनी पुरा केला. दुसरेही एक काम ह्या घराने असेच हातोहात पुरे केले. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले, पण साडेदहा अध्याय झाल्यावर ते गेले. ज्या बाईला त्यांनी स्वतः अक्षरे गिरवावयास शिकविली होती, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा तेवढा देवदत्तांना लिहावा लागला. आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी आजीचे पुस्तक संपादून, टिपांसह, पुन्हा वाचकांपुढे ठेवले. आईला विचारणारा मुलगा आणि आजीचे लेखन निगुतीने राखणारा नातू अशा दोन पिढ्या ज्या बाईला लाभल्या, तिच्या पाच वर्षांच्या वनवासाला इतिहासात जागा मिळाली. इतर आज्यांचे वनवास त्यांच्याबरोबर मातीत गेले. त्या लक्ष्मीबाईंइतक्या लिहित्या नव्हत्या, हे खरे. पण सांगत्या नव्हत्या, असे कोणी म्हणावे?

आम्ही त्या नातवाला हे सगळे सांगितले आणि म्हटले, की आजी गेली तरी तिच्या बरोबरीच्या बायका गल्लीत आहेत, त्यांना जाऊन विचार. "आजीचा धर्म काय होता" असे विचारू नको, कारण त्याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. "आजीकडचे पाणी कोण पीत असे, आणि केव्हापासून" असे विचार.

चार दिवसांनी तो परत आला. शेजारच्या घरातील एका म्हातारीने त्याला सांगितले होते, की आजी नवी नवी ह्या गल्लीत आली, तेव्हा दर नाताळाला करंज्यांची ताटे रुमाल झाकून घरोघर पाठवी. काही घरांतून ताट जसेच्या तसे, रुमालाची घडीही न मोडता, परत येई. आजी काही बोलत नसे. करंज्या पोरांना वाटून टाकी आणि पुढल्या नाताळाला पुन्हा त्याच घरी ताट पाठवी. असे किती वर्षे चालले हे म्हातारीला सांगता येईना. पण एका वर्षी तिच्याच सासूने ताट ठेवून घेतले, करंज्या काढल्या, आणि रिकामे भांडे परत पाठवू नये म्हणून त्यात मूठभर तांदूळ घालून ते आजीकडे पोहोचते केले.

नातवाने ते कागदावर चौथी ओळ म्हणून लिहून घेतले होते. साल घातले नव्हते. ते विचारावयास तो पुन्हा त्या म्हातारीकडे जाणार होता.