रिकाम्या डब्याचा भाव

१८९२ च्या ऑगस्टमध्ये ‘म्युरेक्स’ नावाची आगबोट सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघाली. तिच्या पोटात हजारो टन रशियन रॉकेल होतं, आणि त्यातला थेंबही डब्यात भरलेला नव्हता. जहाजाच्या आतच टाक्या बसवल्या होत्या. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल याचा हिशेब सरळ होता. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी आपलं रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांत भरून, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून आशियात पाठवत असे. डब्याचा खर्च वेगळा, खोक्याचा वेगळा, वर जहाजातली जागा वाया आणि वाटेत गळती. हे सगळं टाळून तेल सुटं आणलं, बंदरावरच्या टाक्यांत ओतलं, की गिऱ्हाईक घरून भांडं घेऊन येईल आणि स्वस्तात तेल घेऊन जाईल.

गिऱ्हाईक काही भांडं घेऊन येईना. आशियातल्या बाजारांतून सॅम्युअलकडे उलटाच निरोप गेला: तेल ठीक आहे, पण डबा कुठे आहे?

स्टँडर्ड ऑइलचे निळे ‘डेव्हो’ छापाचे डबे तोवर चीनपासून हिंदुस्थानपर्यंत घराघरांत शिरले होते. कुणी ते सपाट करून छपरावर घातले होते, कुणी कापून पिंजरे, चहाची गाळणी, शेगड्या बनवल्या होत्या. तेल जळून जायचं, डबा मात्र वर्षानुवर्षं राबायचा, त्यामुळे माणसं एका अर्थी डबाच विकत घेत होती आणि तेल त्यात भरून येत होतं. सॅम्युअलनं हट्ट धरला नाही. कोरा पत्रा जहाजात भरून पूर्वेला पाठवला, तिथल्या तिथे डबे बनवून घेतले आणि ते झळझळीत लाल रंगवले. जुन्या गंजक्या निळ्यापुढे हा नवा लाल डबा उठून दिसे. त्याच्या बापाचा जुना धंदा शिंपले चिकटवलेल्या शोभेच्या पेट्या विकण्याचा होता, आणि त्याच शिंपल्यावरून पुढे ‘शेल’ कंपनीचं नाव पडलं. रिकामी पेटीसुद्धा गिऱ्हाइकाला मोहात पाडते हे त्या घराला निराळं शिकवावं लागलं नसणार.

मुंबई इलाख्यात हाच डबा ‘घासलेटचा डबा’ म्हणून रुजला. साधारण अठरा-एकोणीस लिटरचा, चौकोनी, पातळ पण ताठ. चौकोनी असल्यामुळे तो एकावर एक रचता येई, माळ्यावर, खाटेखाली, कोनाड्यात बसे. मडक्यासारखा फुटत नसे आणि तांब्या-पितळेसारखा महागही नव्हता. त्याच्याबरोबर येणारं लाकूडही फुकट जात नसे. देवदारी खोक्यांच्या फळ्या निघाल्या की त्यांची मांडणी होई, पाट होई, दुकानदाराचा गल्ला होई.

डब्याच्या मागणीनं पुढे एक अख्खा कारखाना उभा केला. ब्रह्मदेशातलं रॉकेल हिंदुस्थानात विकणाऱ्या बर्मा ऑइल कंपनीला डब्यांसाठी ढिगानं पत्रा लागे आणि तो वेल्समधून येत असे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, बर्मा ऑइल आणि टाटांच्या पोलाद कंपनीनं मिळून टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली. जमशेदपूरजवळ गोलमुरीला १९२२ च्या अखेरीस पत्रा निघू लागला. या देशात कथलाचा मुलामा दिलेला पत्रा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला त्यामागे बिस्किटं नव्हती की औषधं नव्हती, घासलेटचे डबे होते.

रिकामा डबा थेट घरी येत नसे. तो आधी दुकानदाराकडे, मग रिकामे डबे घेणाऱ्याकडे आणि तिथून पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे जाई. प्रत्येक टप्प्यावर त्याला भाव होता. कारागिराचं काम पाहण्यासारखं असे. वरचं झाकण छिन्नीनं कडेकडेनं कापायचं. उरलेली धार हात कापणारी, म्हणून काठावर तार ठेवून पत्रा तिच्यावरून लाकडी हातोडीनं वळवत न्यायचा, चारही बाजूंनी. कोपऱ्यांत पत्रा दुमडताना फाटू द्यायचा नाही, खरं कसब तिथेच लागे. मग निखाऱ्यात तापवलेला तांब्याचा ठोकळा नवसागरावर घासायचा, त्यावर कथील उचलायचं आणि सांध्यावर फिरवायचं. क्षणभर पांढरा धूर, आणि सांधा बंद. बिजागरी आणि कडी बसवली की धान्याचा डबा तयार. तोंडावर आडवी लाकडी दांडी ठोकली की पाण्याचा डबा. असे दोन डबे बांबूच्या दोन टोकांना लटकवले की कावड. रॉकेलचा वास घालवणं मात्र घरच्या बाईच्या वाट्याला यायचं. राख, धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, दोन दिवस ऊन, आणि तरी पहिल्या महिन्यात पोह्यांना वास येई तो येईच.

डबा कापून जे तुकडे उरत तेही वाया जात नसत. पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडली की एका बाजूनं किसणी, सपाट पाडली तर चाळणी. कोपऱ्याचा तुकडा वळवला की नरसाळं, बाजूचा मोठा तुकडा मुठीला ठोकला की केराची सुपली. लहान डबीच्या झाकणातून वात ओवली की चिमणी, म्हणजे ज्या तेलाचा डबा तेच तेल जाळायला त्याच पत्र्याचा दिवा. राखणीला बसलेलं पोर जोंधळ्यावरची पाखरं हाकायला डबा बडवी आणि शिमग्याला गावातली पोरं काहीही कारण नसताना बडवीत.

याची एक बाजू गोड नाही. मुंबईत गिरण्यांच्या कामाला आलेल्या माणसांना चाळीतली खोलीही परवडत नसे, तेव्हा झावळ्या, गोणपाट आणि सपाट केलेले घासलेटचे डबे यांच्याच भिंती उभ्या राहत. पत्रा उन्हात तापे, पावसात गंजे, आणि एका पावसाळ्यानंतर भिंतीतून उजेड दिसू लागे. पुनर्वापराचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही की डबा सगळ्यात जास्त कामाला आला तो ज्यांना दुसरं काही मिळत नव्हतं त्यांच्या.

मग आला डालडा. लिव्हर ब्रदर्सनी शिवडीला वनस्पतीचा कारखाना काढला आणि १९३७ पासून ‘डालडा’ नावानं ती विकायला सुरुवात केली. लिंटास या जाहिरात कंपनीनं तिची जाहिरात केली तेव्हा भल्या मोठ्या गोल डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांतून फिरवली होती. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. तुपाचा आव आणणाऱ्या या पदार्थाशी मराठी घरांचं कधी पुरतं जमलं नाही, ‘डालडा’ हे नकली मालाचं विशेषणच होऊन बसलं. डब्याशी मात्र जमलं, आणि असं की आजही चाळीच्या कठड्यावर तुळस म्हटली की तिच्याखाली डालड्याचा डबा दिसतो. तळाला तीन भोकं, आत विटकरीचे तुकडे, वर माती. वृंदावन बांधायला अंगण लागतं, डब्याला वीतभर कठडा पुरे. रॉकेलचा डबा कारागिराकडून घडवून घ्यावा लागे, डालड्याचा डबा खिळा-हातोडीवर घरच्या घरी कामाला लागला. त्याच्या लहान भावंडांत चहा-साखर, शिवणाची रिळं, चिल्लर आणि जुन्या चाव्या राहू लागल्या.

बाटल्यांची रीत वेगळी होती. गोटी सोड्याची जाड काचेची बाटली दुकानातच प्यायची आणि तिथेच ठेवून निघायचं. मुंबईच्या आरे दूध योजनेतही रिकामी काचेची बाटली केंद्रावर दिली की भरलेली मिळे. घरात उरायचं ते फक्त चंदेरी पत्र्याचं बूच, आणि त्याची तोरणं-फुलं करण्याचा पोरांचा उद्योग. बाटली कंपनीची, बूच आपलं, अशी ती वाटणी होती. पुढे दूध प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं आणि बाटली संपली.

काचेच्या बाटलीच्या त्या काळातच, अगदी दुसऱ्या टोकाला, स्वीडनमधल्या लुंड गावात एक वेगळाच विचार चालू होता. वेष्टनांचा कारखानदार रुबेन राउसिंग याचं म्हणणं असं की वेष्टनानं स्वतःच्या किमतीपेक्षा जास्त बचत करून दिली पाहिजे. त्याच्या प्रयोगशाळेतल्या एरिक वॉलेनबर्ग यानं १९४४ मध्ये कागदाची नळी दोन दिशांनी चिमटून चार त्रिकोणी बाजूंची पुडी बनवण्याची कल्पना काढली. १९५१ मध्ये टेट्रा पॅक कंपनी स्थापन झाली, १९५२ मध्ये लुंडच्या दूध संघात शंभर मिलिलिटर सायीच्या पुड्या निघाल्या. पुढे विटेच्या आकाराचा ‘टेट्रा ब्रिक’ आणि निर्जंतुक भरणीचं तंत्र आलं. आता दूध महिनोन् महिने, बर्फाशिवाय, टिकू लागलं. हे साधलं ते पदरांमुळे: सुमारे तीन-चतुर्थांश पुठ्ठा, पाचवा हिस्सा पॉलिथिन, उरलेला अगदी पातळ ॲल्युमिनियमचा वर्ख, एकावर एक सहा पदर चिकटवलेले. पुठ्ठा ताठपणा देतो, पॉलिथिन पाणी अडवतं, वर्ख उजेड आणि हवा अडवतो.

भारतात हा खोका सर्वसामान्यांच्या हाती आला तो १९८५ मध्ये, पार्ले ॲग्रोच्या फ्रुटीबरोबर. हिरवा खोका, आत आंब्याचा रस, पाठीला चिकटवलेली नळी. एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या सहलीत, आजाऱ्याच्या उशाशी, फ्रुटी सगळीकडे गेली. रिकाम्या खोक्याचा घरगुती उपयोग मात्र पोरांनी एकच शोधून काढला. नळीतून फुंकून तो फुगवायचा, जमिनीवर ठेवायचा आणि टाचेनं फाट्कन फोडायचा.

ही काही आळशीपणाची गोष्ट नव्हती. डब्याचा पत्रा एकजिनसी होता. त्याला कापता येई, वाकवता येई, झाळता येई, आणि शेवटी गंजला तरी लोखंड म्हणून भंगारवाला घेई. खोक्याला झाळता येत नाही, खिळा ठोकला तर फाटतो, भिजला की कडेनं पुठ्ठा सुटतो. पुठ्ठा म्हणून घ्यावा तर आत प्लॅस्टिक, प्लॅस्टिक म्हणून घ्यावा तर बाहेर पुठ्ठा. वजन तरी किती? दोनशे मिलिलिटरचा खोका जेमतेम दहा ग्रॅम. शंभर वेचावे तेव्हा किलो. कचरा वेचणाऱ्या बाईनं तो सोडून पुढची पाण्याची बाटली उचलली तर तिचा हिशेब चुकलेला नसतो.

तरीही हातांना चैन पडत नाही. एक लिटरचा दुधाचा खोका वरून कापून, साबणानं धुऊन, उलटा करावा. आतली चंदेरी बाजू बाहेर येते. न शिवता, नुसत्या घड्या घालून त्याचं पैशाचं पाकीट होतं. उभ्या पट्ट्या कापून, दुमडून, चटईसारख्या विणल्या तर टोपली किंवा ताटाखालची आसनी होते. रोपवाटिकेची पिशवी म्हणून तर तो डालड्याच्या डब्यापेक्षा सरस, कारण रोप मोठं झालं की फाडून मुळांसकट लावता येतं. उन्हाळी शिबिरांत, शाळांच्या हस्तकलेत, बचत गटांच्या प्रदर्शनात या वस्तू दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा दिसायला छान आणि वापरायला कच्च्या. काही खरंच टिकतात. पण एका घराचे आठवड्याचे खोके संपवायला किती पाकिटं लागतील हा प्रश्न उरतोच.

खोक्याचा मोठा पुनर्जन्म यंत्रातूनच होतो. वापीच्या पट्ट्यातल्या कागद गिरणीत खोके पाण्यात घुसळले की पुठ्ठ्याचा लगदा सुटा होतो आणि त्याचा पुन्हा कागद बनतो. मागे उरलेलं प्लॅस्टिक-ॲल्युमिनियमचं मिश्रण उष्णतेखाली दाबून छपराचे पत्रे बनतात. दुसऱ्या पद्धतीत अख्खा खोका बारीक करून तापवून दाबतात. पॉलिथिन वितळून स्वतःच डिंकाचं काम करतं, वेगळा गोंद लागत नाही, आणि प्लायवूडसारखी पाटी निघते. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत सहकारी भांडारांसारख्या दुकानांतून रिकामे खोके गोळा करून अशा पाट्यांची शाळेची बाकं बनवण्याची मोहीम चालली. घासलेटच्या डब्याचं छप्पर आणि देवदारी खोक्याचा पाट, दोन्ही वस्तू शंभर वर्षांनी वेगळ्या वाटेनं परत आल्या, फक्त मधला कारागीर गेला आणि तिथे गिरणी आली.

डब्याचा कारागीर मात्र पुरता गेलेला नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये पंधरा किलो तेलाचे डबे आजही उकळत्या पाण्यात धुतले जातात, पोचे ठोकून सरळ केले जातात आणि पुन्हा विकले जातात. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेल भरायला पुन्हा वापरायचा नाही, असा अन्नसुरक्षा कायद्याचा नियम आहे आणि तो रास्तही आहे. डबा तेवढ्यापुरता बाद होतो, धंदा नाही. रंग, डांबर, गोंद, फरसाण ठेवायला घरगुती डबा, गिऱ्हाइकं बरीच आहेत.

खोक्याला असा बाजार आपोआप मिळत नाही म्हणून आता तो कायद्यानं घडवायचा प्रयत्न चालू आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लॅस्टिकबंदी केली तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीला निदान पन्नास पैसे परतीचा भाव ठरवला. अंमलबजावणी रखडत राहिली. केंद्राच्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी बहुपदरी वेष्टनं गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणजे सॅम्युअलच्या काळी जो भाव गिऱ्हाईक स्वतःहून देत होतं, तो आता कंपनीनं खिशातून द्यायचा. तो वेचणाऱ्यापर्यंत किती पोचतो हे बरंचसं अंतरावर ठरतं. मुंबईहून वापी पावणेदोनशे किलोमीटरवर आहे, तिथे टेम्पो परवडतो. चंद्रपूरच्या शाळेबाहेर पडलेल्या दहा ग्रॅमच्या खोक्याला तोच टेम्पो परवडत नाही.