चौकाबाहेर आलेली चित्रकला

एखादी कला लोकजीवनांत इतकी मुरून गेलेली असते कीं, ती जोपासणाऱ्यांना आपण कलावंत आहोंत याची जाणीवहि नसते. डहाणू, तलासरी, जव्हार या डोंगराळ भागांतील वारली लोकांची चित्रकला अशीच होती. हा मुलूख पूर्वी ठाणें जिल्ह्यांत होता; २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. या चित्रांना गिऱ्हाईक नव्हतें, त्यांच्यासाठीं दालन नव्हतें, आणि त्यांच्याखालीं कोणाचें नांवहि नव्हतें. जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून या कलेंत जें स्थित्यंतर घडलें, त्याचें मोल जाणावयाचें तर ती मूळची कशी होती हें प्रथम पाहिलें पाहिजे.

वारल्याचें घर कुडाचें. कुडावर शेणमातीचा लेप द्यावयाचा, त्यावर गेरूचा हात फिरवावयाचा, आणि लग्न ठरलें म्हणजे त्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढावयाचा. हा मान सवाशिणींचा. बांबूची काडी, तिचें टोंक ठेचून केलेली कुंचली, एवढेंच त्यांचें साधन. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी, भोंवतीं सूर्य, चंद्र, फणी आणि झाडेंझुडपें. चौकावांचून लग्न लागत नसे, आणि लग्नाचीं गाणीं म्हणण्यास धवलेरी लागे. पुढें भिंत पुन्हां सारवली कीं चित्र तिच्याखालीं नाहींसें होई. त्याची कोणी खंत करीत नसे. कारण तें चित्र जपून ठेवण्यासाठीं काढलेलें नसून देवीला घरीं बोलावण्यासाठीं काढलेलें असे.

मुंबईहून हा मुलूख आगगाडीनें कांहीं तासांच्या अंतरावर. तरीहि शहरांतील सुशिक्षितांना वारली ठाऊक झाला तो १९४५ सालच्या उठावामुळें. जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या नेतृत्वाखालीं तो उठला, आणि गोदावरी परुळेकरांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें. त्याचे कष्ट व त्याचें दारिद्र्य अशा रीतीनें जगापुढें आलें. त्याच्या घरच्या भिंतीकडे मात्र पुढें पाव शतक शहराचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

जिव्या म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यांतील धामणगांवचा. पुढें त्यांचें वास्तव्य डहाणू तालुक्यांतील गंजाड येथें झालें. लहानपणींच आई गेली, आणि त्या आघातानें मुलाची वाचा बंद पडली. जें सांगावयाचें तें तो धुळींत रेघा ओढून सांगूं लागला. इतरांना चित्र हा लग्नापुरता विधि होता; या मुलाला तें रोजचें बोलणें झालें. पुढील सर्व इतिहासाचें बीज येथें आहे.

या बीजाला पाणी मिळालें तें भास्कर कुलकर्णी यांच्यामुळें. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळांत पुपुल जयकर यांनीं त्यांना मिथिलेस धाडलें होतें. भिंतींवर चित्रें काढणाऱ्या तेथील स्त्रियांना कागद द्यावा, आणि चार पैसे त्यांच्या हातीं पडावेत, असा तो उपक्रम होता. तोच प्रयोग कुलकर्णी यांनीं सत्तरीच्या दशकाच्या आरंभीं वारल्यांच्या पाड्यांत केला. भिंतीवरील चौक हा सवाशिणींचा अधिकार. कागदाला मात्र असें बंधन नव्हतें. म्हसे लग्नाची वाट न पाहतां केवळ आनंदासाठीं चित्रें काढीतच होते. त्यांना कागद मिळाला, आणि कलेनें चौकाचा उंबरठा ओलांडला.

त्यांनीं लिपि बदलली नाहीं. तिच्यांत नवा मजकूर लिहिला. टोंकाला टोंक जोडलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचें वर्तुळ, आणि काडीसारखे हातपाय, असा वारली चित्रांतील मनुष्य. त्रिकोण जरा कलविला कीं तो मनुष्य वांकतो, धांवतो, नाचतो. एवढ्याच सामग्रीवर म्हसे यांनीं भाताची कापणी, तारप्याच्या सुरावर फिरणारा नाच आणि मासेमारी रंगविली. त्यांनीं काढलेलें जाळें पाहावें. बारीक रेघांचें तें विणकाम सबंध कापडभर पसरलेलें असतें, आणि तें वाऱ्यानें हालत आहे असा भास होतो.

१९७५ सालीं मुंबईच्या शेमोल्ड गॅलरींत त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ सालीं पॅरिसमधील एका मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें जगांतील नामांकित आधुनिक कलावंतांच्या कृतींबरोबर मांडलीं गेलीं. २०११ सालीं ते पद्मश्री झाले, आणि १५ मे २०१८ रोजीं त्यांचें निधन झालें.

या यशाबरोबर कांहीं गमावलेंहि गेलें, हें नाकारतां येणार नाहीं. जी कला स्त्रियांच्या हातची होती, तिची कीर्ति कागदावर येतांच बहुतांशीं पुरुषांच्या वांट्याला आली. ज्या सवाशिणींनीं पिढ्यान् पिढ्या चौक काढले, त्यांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत. दुसरी गोष्ट अशी कीं, आज तीं पांढरीं माणसें साड्यांवर, पेल्यांवर आणि लग्नपत्रिकांवर छापलीं जातात. तेथें आकृति असते. पण ती कोणाला बोलावीत नाहीं आणि कांहीं सांगतहि नाहीं.

तथापि म्हसे यांनीं कला बाजारांत नेली म्हणून ती बिघडली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. भिंतींत कोंडून ठेवून परंपरा वांचत नाहीं, आणि नुसती नक्कल केल्यानेंहि ती वाढत नाहीं. शेत, नदी, झाडें आणि माणसें रोज नव्यानें पाहावयाचीं व जुन्या अक्षरांत लिहावयाचीं, हा त्यांचा मार्ग होता. आपल्या दिवाणखान्यांत वारली चित्र टांगणाऱ्यानें तें कोणत्या हातानें काढलें, त्या हाताला मोबदला काय मिळाला, आणि चित्रांतील मनुष्य काय करीत आहे, एवढें विचारलें तरी त्या कलेचें थोडेंसें ऋण फिटेल.