पंचामृतातला मध आणि परसातली पेटी

गणपतीच्या पंचामृताला दूध, दही, तूप, मध आणि साखर लागते, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. यांपैकी दही-तूप पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांच्या हातून होत आले. मध मात्र रानातून येई आणि तो काढणारे बहुतेक पुरुषच असत. हे चित्र कसे पालटू लागले, याची थोडी माहिती येथे देण्याचा माझा प्रयत्न आहे.

आग्या माशी उंच कड्यावर किंवा मोठ्या झाडावर एकच मोठे, उघडे पोळे बांधते. तेथे दोर आणि धूर घेऊन चढायचे, पोळे कापून पिळायचे. जिवाला धोका आणि माशांचाही संहार. ही माशी पेटीत राहत नाही. आपली सातेरी माशी मात्र झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणून ती पेटीत नांदते.

अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांच्या 1851 साली लक्षात आले की माशी दोन पोळ्यांमध्ये ठराविक अंतर मोकळे सोडते. त्या मापावरून सुट्या चौकटींची पेटी तयार झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी सातेरीला मानवेल अशी लहान पेटी बनवली. चौकट उचलायची, मधयंत्रात फिरवून मध काढायचा आणि पोळे जसेच्या तसे परत ठेवायचे. कड्यावरचे काम अशा रीतीने परसात आले.

महाराष्ट्रात या कामाचे माहेरघर महाबळेश्वर. तेथे 1946 साली मधमाशापालनाचे सरकारी काम सुरू झाले. आज खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. पुण्यात 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांच्या अंतराने फुलणारी कारवी यांवर तिकडचा मध उभा आहे. मे 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावलाही तो मान मिळाला.

बायकांच्या दृष्टीने पेटीचा सर्वात मोठा गुण मला वेगळाच वाटतो. खेड्यात शेतात राबते बाई, पण सातबारावर तिचे नाव क्वचितच असते. पेटीला सातबारा लागत नाही. परसातला सावलीचा कोपरा पुरतो आणि माशी सर्वांच्या शेतातून मकरंद आणते.

परंतु हे काम एकटीने नीट होत नाही. मधयंत्र एकेका घराला परवडत नाही, ते पाच-दहा घरांत मिळून घ्यावे लागते. मध गाळणे, भरणे, विकणेही एकत्र केले तरच भाव मिळतो. शिवाय माशी सुमारे किलोमीटरभर फिरते. शेजाऱ्याने फुलोऱ्यात भर दिवसा औषध फवारले तर वसाहत मरते. तेव्हा साऱ्या गावाला पटवावे लागते, आणि एका बाईपेक्षा बायकांच्या गटाचे बोलणे गाव लवकर ऐकते. गावाचाही त्यात फायदाच आहे. मध पेटीवालीचा, पण परागीभवनामुळे वाढलेले पीक सर्वांचे!

मुंबईत 2009 साली विजया पस्ताला यांनी सुरू केलेली ‘अंडर द मँगो ट्री’ ही संस्था महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातील आदिवासी शेतकऱ्यांना सातेरी पाळायला शिकवते, त्यांत महिलाही आहेत. मे 2020 मध्ये केंद्र सरकारने मधमाशापालनासाठी 500 कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तेव्हाही महिलांच्या प्रशिक्षणावर भर देण्याचे सांगितले होते.

आता आपल्या राजस्थानकडे वळू. हिवाळ्यात जयपूरहून आग्रा रस्त्याने निघालो की भरतपूरपर्यंत सरसोंची पिवळी शेते दिसतात आणि त्यांच्या कडेला पेट्यांच्या रांगा. भरतपूरजवळ सेवर येथे 1993 पासून राई-सरसोंचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. या पेट्यांतली माशी बहुधा युरोपातून आलेली मेलिफेरा. नगरोटा येथे 1962 साली ती भारतात रुजली. ती सातेरीहून कितीतरी जास्त मध देते. पण फुलोरा संपला की शेकडो पेट्या रात्री ट्रकमध्ये चढवून दुसऱ्या मुलखात न्यायच्या आणि तेथे तंबूत राहायचे. घर, मुले, गुरे सोडून असे फिरणे खेड्यातल्या बाईला कसे जमणार? म्हणजे मध वाढला, पण तो पुन्हा घराबाहेर गेला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

म्हणूनच मला वाटते, जास्त मध कोणती माशी देते एवढेच विचारणे पुरेसे नाही. बाईच्या दाराशी कोणती माशी टिकते, हेही पाहायला हवे. थोडा मध देणारी, पण बाईला घर सोडायला न लावणारी सातेरी तेथे सरस ठरते.

आपल्या मंडळाला एक नम्र सूचना करते. पुढल्या वर्षी पंचामृताचा आणि प्रसादाचा मध एखाद्या महिला गटाकडून मागवावा. बाटल्या थोड्याच लागतील. पण बायकांनी एकत्र येऊन काढलेल्या मधाला गिऱ्हाईक मिळेल, आणि गटाला पुढच्या हंगामाचा भरवसा.