गोंडांचीं गीतें व त्यांचे रखवालदार

चांद्याच्या गोंड राजांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें, तें बहुधा त्यांच्या परकोटाविषयीं, अथवा १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांनीं तें राज्य घेतलें त्याविषयीं. त्या लोकांच्या गाण्याकडे इतिहासकार सहसा वळत नाहीं. वस्तुतः ज्या समाजानें आपला पूर्ववृत्तान्त कागदावर ठेविला नाहीं, त्याची बखर गाण्यांतच शोधिली पाहिजे. ही बखर सांभाळणारे परधान होत.

परधान हा गोंडांचा भाट. त्याचीं यजमान घरें पिढीजाद ठरलेलीं असत. किंगरी घेऊन तो त्यांच्या दारीं जाई, कुळाची व देवांची कथा गाई, आणि धान्य, वस्त्र, क्वचित् गुरेंही घेऊन परते. किंगरी म्हणजे घोड्याच्या केसांच्या गजानें वाजवावयाचें तीन तारांचें वाद्य. चाल लहान, मोजक्या स्वरांची. परंतु तिच्यावर शेंकडों ओळी चढतात. आमच्या जात्यावरील ओवीप्रमाणेंच येथेंही चालीचें काम कान रिझविण्यापेक्षां स्मरणास आधार देण्याचें अधिक, असें आम्हांस वाटतें.

वैनगंगेपलीकडे, एटापल्ली-भामरागडच्या माडियांत, गाण्याचा दुसराच प्रकार आढळतो. गोटुलांत अथवा लग्नांत रेला गातात. नांव पालुपदावरूनच पडलेलें. हातांत हात गुंफून रांगा उभ्या राहतात. एकीनें ओळ म्हणावयाची, दुसरीनें ती उचलावयाची, आणि ताल पावलांनीं धरावयाचा. येथें भाट नाहीं; सारेच गाणारे. म्हणून रेला जुन्या चालींत नवे शब्द सहज सामावून घेतो. परधानाच्या कथेस ती मोकळीक नाहीं. यजमान देईनासा झाला कीं ती मुकी होते.

लिंगोची कथा प्रथम टिपून घेतली ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं, एका परधानाच्या तोंडून. १८६३ सालीं ते नदींत बुडून वारले. पुढें १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं त्यांचे कागद छापिले. गोंडी शब्द व त्यांचा अर्थ त्यांत आहे, चाल नाहीं. लिंगो हा गोंडांचा गुरु, आणि बस्तरच्या मुरियांच्या कथेंत तर तो अठरा वाद्यें वाजविणारा. त्याचीच कथा स्वरावांचून छापली जावी, हा योग विलक्षणच!

याहून नवल निराळें आहे. हायमेनडॉर्फ यांनीं आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ सालीं ग्रंथ काढिला. (राजुरा तेव्हां त्याच जिल्ह्यांत होता, चांद्यास तो १९५९ सालीं जोडला गेला.) त्यांस तेथील परधान घरीं मराठी बोलतांना आढळले, गोंडी ते यजमानांसाठीं गात. म्हणजे गोंडांच्या इतिहासाचे हे रखवालदार भाषेनें आमचेच! कथेची चाल व तिचा अर्थ विचारावयास त्यांच्याकडे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास दुभाष्याचीही गरज पडणार नाहीं.