भिंतीचे शेवटचे तेहतीस तास

शनिवार, सकाळी ६.१० (३३ तास बाकी)

कमठाण्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघर सगळ्यात मागं, परसाच्या बाजूला आहे. बिदरच्या पठारावर सापडणाऱ्या लाल जांभ्या दगडाची, मातीत रचलेली दोन फूट जाड भिंत, लाकडी खांब, त्यांवर तुळया, कड्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचं माळवद. आजोबांनी बांधून घेतलेलं. ओटा जेमतेम दोन फूट उंच. आईनं त्यावर वाकून चाळीस वर्षं भाकरी थापल्या आणि आता तिची कंबर दुखते.

महालक्ष्म्यांना बारा दिवस उरले होते. सोळा भाज्या, पुरणपोळ्या आणि घरभर माणसं. त्याआधी ओटा बत्तीस इंचांवर न्यायचा, आत नळ आणायचा, धूर ओढणारा पंखा बसवायचा. नव्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. म्हणजे काम ह्या दोन दिवसांतच उरकायला हवं होतं. गावातले सगळे गौंडी दुसऱ्यांच्या कामांवर. मी धाकट्या भावाला म्हटलं, आपणच करू.

दोघांनी भांडी, डबे, पिठाचे पिंप बाहेर काढले. मागच्या भिंतीतल्या वरच्या कोनाड्यात महालक्ष्म्यांच्या पितळी मुखवट्यांची पेटी होती. दिवस आल्याशिवाय ती हलवायची नाही, असं आई म्हणाली. पेटी तिथंच राहिली.

शनिवार, सकाळी ८.३० (३० तास ४० मिनिटं बाकी)

जुन्या ओट्यावर शहाबादी फरशी होती. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादच्या आसपास जमिनीखाली चुनखडीचे थर एकावर एक बसले आहेत. त्यामुळं खाणीत पाटा सरळ सुटून येतो. वाडी आणि सेडमचे सिमेंट कारखाने ह्याच चुनखडीवर उभे आहेत. आंबट मात्र तिला सोसत नाही. आमच्या फरशीवर चिंचेच्या कोळाचे पांढुरके डाग वर्षानुवर्षं वाढत गेले होते.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा इंच जाड. नव्वद किलोच्या आसपास वजन. पहार घालून, खाली गोणपाट सारत आम्ही ती अखंड काढली. एवढी मोठी फरशी न तुटता निघाली म्हणून फार आनंद झाला. पुढची कामंही अशीच होतील, हा भरवसा तिथं बसला.

शनिवार, सकाळी ११.२० (२७ तास ५० मिनिटं बाकी)

ओट्याच्या वर, भिंतीतून दोन दगड वीतभर बाहेर आलेले होते. त्यांवर लाकडी फळी, फळीवर मिठाची बरणी आणि लोणच्याचे सट. नव्या रचनेत हे दगड आडवे येत होते.

आई दारातून म्हणाली, "ते दगड राहू दे रे बाबा. तुझ्या आज्यानं मुद्दाम ठिवलेत."

"फळी ठेवायलाच ना? नवं कपाट येणार आहे की."

ती गप्प झाली. दगड कशासाठी ठेवलेत हे तिलाही माहीत नव्हतं. ठेवलेत एवढंच माहीत होतं.

भोवतालची माती छन्नीनं मोकळी केली आणि पहिला दगड ओढला. तो येतच राहिला. वीतभर बाहेर दिसणारा दगड आत दोन फूट होता. एका फळीसाठी इतका लांब दगड कशाला, असं मनात आलं, आणि मी पुढच्या दगडाकडं वळलो. दोन्ही दगड भावानं परसाच्या दारापाशी पायरी म्हणून टाकले. पूर्ण बाहेर आले तेव्हा भिंतीच्या दोन्ही भोकांतून परसातला उजेड दिसत होता.

शनिवार, दुपारी १.४५ (२५ तास २५ मिनिटं बाकी)

डावं भोक मोठं करून पंख्याची जागा करायची होती. दीड फूट बाय दीड फूट. तीन दगड काढले आणि आतून माती वाहू लागली. पोत्याला भोक पडल्यावर ज्वारी सांडते तशी. मुरूम, दगडांचे कपचे, वाळलेली माती. दोन घमेली भरली.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमची दोन फुटांची भिंत एकसंध नाही. आतला दगडांचा थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि दोन्हींच्या मधे भरताड. भोकाच्या वर आधाराला आडवी पट्टी टाकायला हवी होती. पंख्याची चौकटच आधार देईल असं मी धरलं.

शनिवार, दुपारी ४.३० (२२ तास ४० मिनिटं बाकी)

नळाच्या पाइपसाठी भिंतीत नऊ फूट आडवी खाच पाडायची होती. आडवी खाच भिंतीच्या जाडीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा खोल नको, उभी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा नको, हा नियम मी वाचलेला होता. चोवीस इंचांचा सहावा हिस्सा चार इंच. मी तीनच इंचांवर थांबलो. नियम पाळल्याचं समाधान होतं.

तो नियम सांध्यात सिमेंट भरून एकजीव बांधलेल्या भिंतीचा. मातीत रचलेल्या आमच्या भिंतीत तीन इंचांची सरळ खाच पडतच नाही. छन्नी दगडाला लागली की तो दगडच मुळापासून हलतो. नऊ फुटांच्या ओळीतला प्रत्येक दगड मी हलवून ठेवला होता.

शनिवार, संध्याकाळी ७.५० (१९ तास २० मिनिटं बाकी)

पाइप बसला. पितळी एल्बोच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून तो घट्ट केला. पाणी सोडलं, दहा मिनिटं पाहिलं. थेंब दिसला नाही. लगेच खाच सिमेंटनं भरून टाकली. पाइपचा सांधा रात्रभर उघडा ठेवून पाहिला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण बारा दिवस डोळ्यांसमोर होते.

परसातल्या स्टँडवरची पाचशे लिटरची टाकी काठोकाठ भरून ठेवली. नऊ वाजता पाऊस सुरू झाला.

रविवार, रात्री २.१५ (१२ तास ५५ मिनिटं बाकी)

आईनं हलवून उठवलं. "भिंतीतनं काहीतरी पडायलंय. ऐकायलास का?"

ऐकलं. भिंतीच्या आत बारीक खडा घरंगळल्यासारखा आवाज. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा. मी म्हटलं, उंदीर असतील.

आई झोपली नाही. पावसाळ्यातल्या रात्री भिंतीचा आवाज तिला झोपू देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३.५६ वाजता किल्लारीला भूकंप झाला तेव्हा धक्का आमच्याकडंही जाणवला होता. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेकांवर कोसळल्या त्या त्यांच्याच घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती. त्यानंतर कितीतरी दिवस आई आम्हाला घेऊन अंगणात झोपायची. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी कूस बदलली.

रविवार, सकाळी ६.४० (८ तास ३० मिनिटं बाकी)

टाकी अर्धी झाली होती. रात्री कुणी पाणी घेतलं नव्हतं. स्वयंपाकघरात जमिनीवर ओल होती ती फक्त तळहाताएवढी.

त्या क्षणी एकच प्रश्न विचारायला हवा होता: अडीचशे लिटर पाणी गेलं कुठं? जमिनीवर आलं नाही म्हणजे ते भिंतीत गेलं. एल्बोचा सांधा खाचेच्या आत रात्रभर गळत होता आणि मधली कोरडी माती ते पाणी पीत होती. मी व्हॉल्व बंद केला, पाइप दुपारी उकरून पाहू असं ठरवलं आणि चहा घेतला.

रविवार, सकाळी ९.०० (६ तास १० मिनिटं बाकी)

पंख्याच्या भोकाच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडं तिरपी चीर गेलेली दिसली. केसाएवढी. तिच्या टोकाला मी पेन्सिलीनं खूण केली. साडेदहाला चीर खुणेच्या चार बोटं पुढं गेली होती आणि तिच्यात रुपया उभा मावत होता. मी तीत सिमेंट भरलं. अकराला भरलेल्या सिमेंटलाच चीर पडली.

रविवार, दुपारी १२.३० (२ तास ४० मिनिटं बाकी)

परसाचं दार लागेना. काल लागत होतं. चौकट वरून दाबली गेली होती. बाहेर जाऊन भिंत पाहिली तर मधोमध पोट आलेलं. बाहेरून तिला काही वर्षांपूर्वी आम्हीच सिमेंटचा गिलावा केला होता, पावसापासून जपावी म्हणून. मातीच्या भिंतीला मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा लागतो. त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटनं वाट बंद केली. आतलं पाणी बाहेर येऊ शकत नव्हतं आणि गिलावा कढईतल्या पुरीसारखा फुगत होता. भाऊ गौंडीमामांना आणायला पळाला.

रविवार, दुपारी १.४० (१ तास ३० मिनिटं बाकी)

मामांनी आयुष्यभर ह्या भागात घरं बांधली. आमच्याशी मराठी बोलतात, घाईत कन्नड येतं. त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला. मग ओळंबा सोडला. वरून खालपर्यंत चार बोटं भिंत बाहेर गेली होती. मी चिरेत पुन्हा सिमेंट भरायला उठलो तसे ते ओरडले, "ब्याड तम्मा, ब्याड! हात लावू नको."

परतताना त्यांचा पाय दारापाशी नव्या पायरीवर पडला. ते वाकले, दगडाची लांबी हातानं मोजली आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे कल्लु कुठलं?"

मी भोकांकडं बोट केलं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कामं वाटून दिली. सगळी माणसं पुढच्या अंगणात. मेन स्विच बंद. गॅसचं सिलिंडर रेग्युलेटर काढून घराबाहेर, उघड्यावर. टाकीचं पाणी सोडून द्या. परसाच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.

रविवार, दुपारी २.३० (४० मिनिटं बाकी)

बल्ल्या आल्या. मामांनी आणि त्यांच्या मुलानं तुळईखाली चार टेकू लावले, पाचरी मारल्या. प्रत्येक खांबाचा पाया खिळ्यानं टोचून पाहिला. एक खांब वाळवीनं पोखरलेला निघाला. त्याच्या शेजारी पाचवा टेकू गेला. भिंत वाचवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "भिंत गेली," एवढंच म्हणाले. "माळवद धरू."

रविवार, दुपारी ३.०० (१० मिनिटं बाकी)

आईला पेटी आठवली. ती काही न बोलता आत निघाली. दारात मामांनी दोन्ही हात आडवे केले. "अक्का, देवी बाहेरच येते आता. तुम्ही नका जाऊ."

ती उंबऱ्यावर उभी राहिली. कोनाडा तिच्यापासून दहा पावलांवर होता. त्या दहा मिनिटांत तिच्या चेहऱ्याकडं मला पाहवलं नाही. चाळीस वर्षं तिनं ती पेटी सांभाळली होती. तिची कंबर दुखते म्हणून मी भिंत फोडली होती.

रविवार, दुपारी ३.१०

आधी गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटला. मग बाहेरचा थर एका दमात परसात ओतला गेला. घटकाभर आतला थर एकटाच उभा होता, मग तोही गुडघ्यातून वाकल्यासारखा खाली बसला. आवाज धडामकन आला नाही. लांब, ओला, जड आवाज. धूळही उडाली नाही, कारण माती चिखल झाली होती.

माळवद जागेवर राहिलं. खांबांनी आणि टेकूंनी ते पेललं. किल्लारीतही लाकडी खणांची काही घरं अशी वाचली होती: भिंती गेल्या, पण खांबांवरचं छत खालच्या माणसांवर आलं नाही.

नव्या ओट्याचा ग्रॅनाइट दोन तुकडे होऊन चिखलात पडला होता. मुखवट्यांची पेटी चेपली होती. एका मुखवट्याच्या गालाला पोचा आला होता. आईनं तो पदरानं पुसला.

सोमवार, सकाळी

मामांनी राडा उपसताना मला शेजारी उभं केलं आणि समजावलं. मातीतल्या जाड भिंतीचे दोन थर नेहमी एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात. त्यांना बांधून ठेवायला मधून मधून आरपार लांब दगड घालायचा असतो. किल्लारीनंतर घरं बळकट करताना इंजिनिअरांनी हेच सांगितलं: आरपार दगड घाला, भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवा. आजोबांनी त्या भिंतीत असे दोनच दगड घातले होते. उरलेलं टोक वाया जाऊ नये म्हणून त्यांवर फळी ठेवली होती. मी फळीचे हात म्हणून जे काढले ते भिंतीचे हात होते.

दगडाचा दोष नव्हता. पंधराव्या शतकातल्या बिदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक ह्याच जांभ्यात खोदलेला आहे. मातीचाही नव्हता; कोरडी होती तोवर तिनं तीन पिढ्यांचा भार उचलला. मी हातात कुठल्यातरी दुसऱ्या भिंतीचा नियम घेऊन माझ्या घरात शिरलो होतो.

त्या वर्षी महालक्ष्म्या पुढच्या सोप्यात बसल्या आणि पुरण शेजारच्या काकूंच्या चुलीवर शिजलं.

कार्तिकात

पाऊस ओसरल्यावर भिंत पुन्हा उभी राहिली. ह्या वेळी दर दोन फुटांच्या उंचीला आरपार दगड. ओटा आईच्या कोपराला मोजून केला, तिला उभं करून. पाइप भिंतीच्या बाहेरून, डोळ्यांना दिसेल असा.

आजोबांचे दोन दगड मामांनी त्यांच्या जुन्या जागी घातले. पहिला बसवताना आतलं टोक माझ्या हातात दिलं, हळूहळू पुढं सरकवायला लावलं आणि म्हणाले, "आता फिरून जा. ह्याचं दुसरं टोक बघून ये."

मी घराला वळसा घालून परसात गेलो. दगड चार बोटं बाहेर आला होता. मी छन्नी घेऊन तो भिंतीच्या पातळीत आणू का विचारलं, तेव्हा मामा आतून म्हणाले, "राहू दे तम्मा. पुढच्याला दिसू दे."

गिलावा आता चुन्याचा आहे. त्यातून दोन्ही टोकं दिसतात.