अटलांटिस : द लॉस्ट एम्पायर
वॉल्ट डिस्ने कंपनीचा, लुप्त संस्कृतीच्या शोधमोहिमेवरील २००१ मधील अमेरिकन साहसप्रधान सचेतनपट. दिग्दर्शन गॅरी ट्राउसडेल व कर्क वाइझ, निर्मिती डॉन हॅन, संगीत जेम्स न्यूटन हॉवर्ड. समुद्रात गडप झालेल्या अटलांटिसची मूळ कथा प्लेटोच्या तिमायस व क्रिटियस या संवादांत येते (पहा : अटलांटिस, प्लेटो).

कथानक १९१४ मधील आहे. भाषातज्ज्ञ मायलो थॅच एका प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे पाणबुडीतून मोहिमेवर जातो. समुद्रतळाखालील नगरी अजून नांदती असल्याचे त्याला आढळते. नगरीला जीवनशक्ती पुरवणारा स्फटिक पळवू पाहणाऱ्या सहकाऱ्यांविरुद्ध तो राजकन्या किडाच्या बाजूने उभा राहतो.

चित्रकथाकार माइक मिन्योला यांच्या कोनदार, गडद छायांच्या शैलीचा दृश्यरचनेवर प्रभाव आहे. हस्तरेखित चित्रांना संगणकीय प्रतिमांची जोड दिलेली आहे. भाषावैज्ञानिक मार्क ओक्रँड यांनी चित्रपटासाठी स्वतंत्र भाषा रचली. तिचा वाक्यक्रम कर्ता-कर्म-क्रियापद असा असून लिपी नांगराच्या तासांप्रमाणे एक ओळ डावीकडून, तर पुढची उजवीकडून लिहिली जाते (पहा : कृत्रिम भाषा).

गीतप्रधान परंपरा सोडून साहसकथेकडे वळलेला डिस्नेपट आणि पटकथेसाठी घडवलेल्या भाषेचे उदाहरण म्हणून तो महत्त्वाचा आहे. उत्तरभाग २००३ मध्ये आला (पहा : सचेतनपट).