पेवात ज्वारी, चाळीत कांदा

प्रबंधाच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं : 'खानदेशात कंदभाज्या दीर्घकाळ साठवण्याचं तंत्र विकसित झालं नाही.' आज ते वाचताना कान लाल होतात. हे वाक्य कुठून आलं आणि का खोडावं लागलं, ते आज सांगते.

त्या दिवसांत मी युरोपातल्या शेतघरांविषयी बरंच वाचत होते. तिथे शरद ऋतूत गाजर, बीट, बटाटे काढायचे, तळघरात ओलसर वाळूत थर लावून ठेवायचे आणि बर्फ वितळेपर्यंत पुरवून खायचे. ते डोक्यात ठेवून मी जळगाव-धुळ्याच्या जुन्या घरांत तळघर शोधायला लागले. धाब्याची घरं होती, माळे होते, कणग्या होत्या. कंदांसाठी तळघर काही सापडेना. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कापूस आणि रेल्वेवर भरभरून मजकूर आहे, त्यातही माझ्या हाती काही लागलं नाही. मग मी ते वाक्य ठोकून दिलं.

चूक प्रश्नातच होती. आपल्याकडे हिवाळा हा तुटवड्याचा ऋतू नाहीच. थंडीत उलट मळा भरलेला असतो : मुळे, गाजरं, कांद्याची पात. रताळी तर महाशिवरात्रीच्या उपासापर्यंत बाजारात असतात. अडचण येते ती पावसाळ्यात. साठवायचं ते चैत्र-वैशाखात आणि टिकवायचं ते आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत. युरोपातल्या शेतकऱ्याला थंडी फुकट मिळत होती. आपल्याला फुकट मिळतं ते ऊन आणि वारा.

जमिनीत पुरून ठेवणं आपल्याला माहीत नव्हतं असंही नाही. पेव होतंच. गावठाणाच्या घट्ट पांढऱ्या मातीत खड्डा खणायचा, आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत हे जमत नाही. ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बंद पेवात दाणे आणि किडे आतला प्राणवायू संपवतात, मग किडे मरतात. म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आधी वारा खेळू द्यायचा, दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर थांबायचं. घाईनं उतरलेली माणसं जिवाला मुकली आहेत. 'पेव फुटलं' असं आपण आज कशालाही म्हणतो, पण मूळ पेव हे असं.

मग कांदा पेवात का नाही? कारण कांदा वाळलेला दाणा नाही, तो जिवंत आहे. (वनस्पतीशास्त्राच्या मैत्रिणीनं बजावलंय की कांदा मूळ नसून कंद आहे. मान्य.) तो श्वास घेतो, पाणी सोडतो. कोंडला की घामेजतो आणि सडतो. हळदीचं उलट. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद शतकाहून जास्त काळ पेवात राहिली, कारण ती शिजवून कडक वाळवलेली असते. २००५च्या महापुरात तिथल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, तो वेगळा विषय.

साक्री तालुक्यातल्या आमच्या आजीनं हे सगळं एका वाक्यात उरकलं : "कांदाले वारा जोयजे." आणि मग तिनं पद्धत सांगितली. मळ्यातल्या निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की पाणी तोडायचं. काढलेला कांदा तीन-चार दिवस वावरातच ठेवायचा, पण असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल, म्हणजे ऊन लागत नाही. मग इंचभर मान ठेवून पात कापायची. ही मान पिळून वाळली की तोंड बंद. बुंध्यापर्यंत कापली तर तिथूनच सड आत शिरते. त्यानंतर सावलीत सुकवायचा, जोड आणि डेंगळे बाजूला काढायचे, ते आधी खायचे. मग चाळीत. जुनी चाळ तुराट्यांच्या कुडाची, तळ जमिनीपासून उचललेला, रुंदी जेमतेम चार फूट, म्हणजे वारा आरपार जातो.

यामागचं विज्ञान मला नंतर समजलं आणि तिथे माझं ते वाक्य मेलंच. कांदा शून्याजवळच्या थंडीत टिकतो आणि पंचवीस-तीस अंशांतही टिकतो. त्याला कोंब फुटतात ते अधल्यामधल्या तापमानात. म्हणजे उघडी हवेशीर चाळ हे तळघर न जमल्यामुळे केलेलं काम नव्हे. आपल्या हवेत तेच बरोबर होतं.

तरी पावसाळा लागला की कांदा हरायला लागतो. इथे पंचांग बघा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी : भजी, थालीपीठं, पोटभर कांदा खाऊन घ्यायचा, मग चातुर्मासात बंद. बऱ्याच घरांत कांदा आणि वांगं पुन्हा सुरू होतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं, सोबत नवी पात. धर्मशास्त्र कारण तामसीपणाचं देतं. पण चाळीतला कांदा सडायला लागणं आणि नवा कांदा येणं याच दोन टोकांत हा निषेध बसतो, हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. मार्गदर्शकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलंय.

उरलेल्याची सोय उन्हानं केली. उन्हाळ्यात चिरून वाळवलेला कांदा खोबऱ्यासोबत भाजून काळ्या मसाल्यात जातो, हीसुद्धा साठवणच. जळगावच्या जैन उद्योगसमूहानं पांढरा कांदा शेतकऱ्यांकडून करारानं घेऊन कारखान्यात वाळवायला घेतला, तेव्हा त्यांनी धाब्यावरचं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं.

आता चाळीला पत्रा आला, लोखंडी जाळी आली, अनुदान आलं. चार-सहा महिन्यांत मोठा हिस्सा घटीत आणि सडीत जातो, तरी लोक साठवतात, कारण उन्हाळ्यातला भाव परवडत नाही. १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ते नेमकं चाळी उघडायच्या हंगामात. त्या आठवड्यात मी आजीच्या गावी होते. मामा चाळीपाशी उभा राहून जाळीतून हात घालून एकेक कांदा दाबून बघत होता. मऊ लागला की बाहेर फेकायचा. मी वही काढली आणि विचारलं, किती दिवस थांबणार? तो म्हणाला, "हे तूच कांद्याला विचार."

ते खोडलेलं वाक्य होतं तिथे आता चाळीवर अख्खं प्रकरण आहे. पुढच्या वेळी त्यातला कणगीचा भाग.